वसाहत बांधाल हो, पण चालवणार कशी?

एखादं मोठं रॉकेट उडून परत खाली येऊन उभं राहिलं की आपल्याकडच्या ग्रुपांवर लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो झालंच आता, वीस-पंचवीस वर्षांत माणसं अवकाशात गावं वसवून राहणार, दुसरा म्हणतो आधी रस्त्यावरचे खड्डे बुजवा. ऑक्टोबर २०२४ मध्ये स्पेसएक्स कंपनीच्या स्टारशिप रॉकेटचा बूस्टर, म्हणजे खालचा टप्पा, टॉवरने हवेतल्या हवेत झेलला तेव्हा हेच झालं. मला दोन्ही बाजूंचा कंटाळा आलाय, कारण दोघं भांडतात वेगवेगळ्या गोष्टींवर पण मनातून दोघांनी एकच धरून ठेवलेलं असतं, की हा सगळा मामला वर जायच्या भाड्याचा आहे. भाडं कमी झालं की वसाहत होणार, नाही झालं तर नाही होणार. माझं म्हणणं असं की भाडं हा या हिशोबातला सोपा भाग आहे. अवघड भाग आहे तिथे रोज राहायचा खर्च, आणि त्याबद्दल ना स्वप्नं विकणारे बोलतात ना खड्डेवाले.

आधी एक सांगून टाकतो, मी मंगळाबद्दल किंवा चंद्राबद्दल बोलत नाहीये. विषय आहे तो कक्षेत फिरणाऱ्या वसाहतींचा, म्हणजे पोकळीत बांधलेलं एक प्रचंड चाक किंवा पिंप, स्वतःभोवती फिरणारं, आणि त्याच्या आतल्या भिंतीवर माती, घरं, झाडं, माणसं. ही कल्पना मुळात प्रिन्स्टनच्या जेरार्ड ओ'नील या प्रोफेसरने गाजवली. १९६९ मध्ये पहिल्या वर्षाच्या फिजिक्सच्या पोरांना त्याने प्रश्न टाकला, की वाढत जाणाऱ्या तांत्रिक संस्कृतीसाठी ग्रहाचा पृष्ठभाग ही खरंच योग्य जागा आहे का. पोरांनी गणितं केली आणि उत्तर आलं की नसावी. मग १९७४ मध्ये त्याचा लेख आला, आणि १९७५ च्या उन्हाळ्यात नासाच्या एम्स सेंटर आणि स्टॅनफर्डने मिळून दहा आठवडे इंजिनियर, आर्किटेक्ट, समाजशास्त्रज्ञ वगैरे मंडळी एकत्र बसवून एका वसाहतीचा पूर्ण आराखडा काढला. १०,००० माणसं, १.८ किलोमीटर व्यासाचं चाक, मिनिटाला एक फेरी. तो रिपोर्ट आजही वाचावा असा आहे, कारण त्यात चित्रं जितकी देखणी आहेत तितकीच आकडेमोडही प्रामाणिक आहे, आणि नंतर हे चित्र ज्यांनी ज्यांनी वापरलं त्यांनी आकडेमोड तेवढी गाळली.

खर्च काढला होता तेव्हाच्या पैशात साधारण १९० अब्ज डॉलर. सगळ्या अपोलो कार्यक्रमाला तेव्हाच्या पैशात पंचवीस-सव्वीस अब्ज लागले होते, म्हणजे सात अपोलो. महागाई धरली तर आज ही रक्कम हजार-अकराशे अब्ज डॉलरच्या घरात जाते, रुपयात नव्वद लाख कोटींच्या वर. आपलं २०२५-२६ चं केंद्राचं अख्खं बजेट आहे सुमारे ५० लाख कोटी. माणशी काढा, ९०० कोटींच्या वर जातं. नव्वद लाख कोटी दहा हजार माणसांसाठी! आणि हा आकडा त्या काळच्या भाबड्या आशेवर काढलेला आहे, कारण त्यांना वाटत होतं की स्पेस शटल एस.टी.सारखी सारखी ये-जा करत राहील. प्रत्यक्षात शटल तीस वर्षांत एकूण १३५ वेळा उडालं, दोनदा फुटलं, चौदा माणसं गेली, आणि किलोमागे खर्च पन्नास हजार डॉलरच्या वर गेला. १९७७ मध्ये अमेरिकन सिनेटर प्रॉक्समायर म्हणाला की या खुळ्या कल्पनेला एक पेनीही देणार नाही, त्याला लोक अजून शिव्या घालतात, पण निदान खर्चाच्या बाबतीत तरी म्हातारा चुकीचा नव्हता.

आता आजचं बघू. स्पेसएक्सच्याच फाल्कन ९ रॉकेटमुळे किलोचा भाव शटलच्या तुलनेत साधारण वीसपट पडलाय, हे खरं आहे आणि ही लहान गोष्ट नाही. स्टारशिप ठरल्यासारखं चाललं तर अजून पडेल. समजा आपण उदार होऊन धरलं की किलोला १०० डॉलर झाले, आजच्यापेक्षा वीस-पंचवीसपट कमी. त्या स्टॅनफर्डच्या चाकाचं वजन आहे कोटी टनांच्या आसपास. १०० डॉलरने कोटी टन म्हणजे पुन्हा हजार अब्ज डॉलर, फक्त हमाली! आणि एका खेपेला १०० टन धरले तर एक लाख खेपा. रोज दहा रॉकेटं सोडली, सुट्टी न घेता, तरी सत्तावीस वर्षं. तेही जवळच्या कक्षेपर्यंत, ओ'नीलला हवी होती त्या चंद्राइतक्या लांबच्या जागेपर्यंत न्यायचं तर खेपा कितीतरी वाढतील.

एवढं वजन का, तर त्यातलं पंच्याण्णव टक्के नुसतं कवच आहे. पृथ्वीवर आपल्या डोक्यावर दर चौरस मीटरला दहा टन हवा असते, ती वैश्विक किरणं अडवते आणि आपण तिचं भाडं भरत नाही. वर ते काम कुणीतरी करायला हवं, म्हणून त्या लोकांनी दर चौरस मीटरला साडेचार टन दगडमाती धरली. ही माती पृथ्वीवरून न्यायचीच नव्हती म्हणा, चंद्रावर खाण काढायची आणि विजेच्या चुंबकी तोफेने, ज्याला मास ड्रायव्हर म्हणतात, ती वर फेकायची. ओ'नीलने १९७७ मध्ये एमआयटीच्या हेन्री कोल्मबरोबर त्याचा छोटा नमुना करूनही दाखवला. कल्पना फिजिक्सला धरून आहे, त्यात काही खोट नाही. पण सहाही अपोलो मोहिमा, रशियाच्या लुना आणि चीनच्या चांग'ई ५ आणि ६ धरून माणसाने चंद्रावरून आजवर आणलेली एकूण माती चारशे किलोच्या आत आहे. चारशे किलोपासून कोटी टन. शिवाय चंद्राच्या दगडात ऑक्सिजन भरपूर, सिलिकॉन, अॅल्युमिनियम, लोखंड आहे, पण कार्बन आणि नायट्रोजन नावाला, आणि पाणी जे काय आहे ते ध्रुवांजवळच्या अंधाऱ्या खड्ड्यांत. म्हणजे भिंती चंद्राच्या होतील पण भाजी, माती, हवेतला नायट्रोजन हे सगळं सुरुवातीला इथूनच न्यावं लागणार.

हे झालं बांधकाम. यावर उत्साही लोकांचं उत्तर तयार असतं, की जवळच्या, विषुववृत्तावरच्या कक्षेत ठेवा, तिथे पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र किरणं अडवतं, मग कवच फार कमी लागेल, मग वजन कमी, मग खर्च कमी. हा मुद्दा चांगला आहे, मी तो मानतो. अॅल ग्लोबस हा वसाहतींचा अभ्यासक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी यावर बरंच काम केलंय, आणि त्यांच्याच एका डिझाइनचं नाव कल्पना वन आहे, आपल्या कल्पना चावलाच्या नावाने, २५० मीटर त्रिज्येचं, ३,००० माणसांचं. नासा एम्सने १९९४ मध्ये शाळकरी मुलांसाठी वसाहतीची डिझाइनं करायची स्पर्धा सुरू केली, तिच्यात भारतातून ढिगाने प्रवेशिका जातात. पोरांच्या फायली बघितल्यात मी, शेतीचे थर, रोबोट, शाळा, मंदिर, स्टेडियम सगळं असतं. नसतं ते एकच पान, मेंटेनन्सचं. पोरांचा दोष नाही त्यात, मोठ्यांच्या प्रेझेंटेशनमध्येही ते पान नसतं.

आपल्याकडे फ्लॅट घेताना जे होतं तेच हे. ब्रोशरमध्ये क्लबहाऊस, पूल, पोडियम गार्डन, आणि पझेशननंतर तीन वर्षांनी सोसायटीच्या मीटिंगमध्ये कळतं की लिफ्टचं एएमसी, एसटीपीचा पंप, गच्चीचं वॉटरप्रूफिंग यातच सिंकिंग फंड संपला. बिल्डर तोवर पुढच्या प्रोजेक्टला गेलेला असतो.

तर मेंटेनन्सचं बोलू. आपल्याकडे वर एकच खरं घर आहे जे बरीच वर्षं चाललंय, आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक. ४२० टन, १९९८ पासून बांधलं, २ नोव्हेंबर २००० पासून एक दिवसही रिकामं नाही. बांधायला आणि चालवायला मिळून शंभर अब्ज डॉलरच्या कितीतरी वर गेले. आता बांधून झालंय, तरी एकट्या नासाचा त्यावरचा वर्षाचा खर्च तीनेक अब्ज डॉलर आहे, आणि वर राहतात एरवी सात माणसं. माणशी वर्षाला साडेतीन हजार कोटी रुपये पडले. यात जाण्यायेण्याचा खर्च आहे, प्रयोगांचा आहे, हे मान्य, सगळं काही घरभाडं नाही. पण एक गंमत बघा. २००१ मध्ये डेनिस टिटो नावाचा पहिला पर्यटक स्वतःच्या खिशातून साधारण दोन कोटी डॉलर देऊन गेला होता. २०२५ मध्ये शुभांशू शुक्ला गेला तेव्हा भारताने भरले साधारण ५५० कोटी रुपये, म्हणजे साडेसहा कोटी डॉलरच्या आसपास, ट्रेनिंग वगैरे धरून. म्हणजे या चोवीस वर्षांत सामानाचा भाव वीसपट पडला आणि माणसाचं तिकीट तिप्पट झालं! टिटोला रशियाने पैशाची चणचण होती म्हणून स्वस्तात नेलं, महागाईही धरली पाहिजे, सगळं मान्य, तरी तिकीट पडलेलं तर नाहीच नाही. कारण माणूस म्हणजे सामान नव्हे. त्याच्याबरोबर हवा, पाणी, संडास, डॉक्टर, जमिनीवर चोवीस तास बसलेली शेकडो माणसं हे सगळं जातं, आणि ते किलोच्या भावाने स्वस्त होत नाही.

पाण्याचं उदाहरण घेतो, कारण ते मला सगळ्यात बोलकं वाटतं. स्थानकावर लघवी, घाम, श्वासातली वाफ, सगळं गोळा करून पुन्हा प्यायचं पाणी करतात. लघवी शुद्ध करायचं मशीन २००८ मध्ये बसवलं. जमिनीवर सगळ्या टेस्ट पास. वर गेल्यावर वर्षभरात आतून चोंदून बंद पडलं. का, तर वजनरहित अवस्थेत माणसाची हाडं झिजतात, हाडातलं कॅल्शियम लघवीत उतरतं, म्हणजे अंतराळवीराची लघवी जमिनीवरच्या माणसाच्या लघवीपेक्षा वेगळी असते. त्यात ती टिकवायला घातलेलं सल्फ्युरिक अॅसिड. कॅल्शियम आणि सल्फेट भेटले की होतं जिप्सम, आपण पीओपी करतो ते ज्याच्यापासून बनतं ते. मशीनच्या पोटात अक्षरशः प्लास्टरचा माल तयार झाला. मग काय, पाणी कमी काढायला सुरुवात केली म्हणजे साका बसणार नाही, आणि अॅसिड बदलून फॉस्फरिक वापरायला काही वर्षं गेली. ९८ टक्के पाणी परत मिळवायचा टप्पा गाठला २०२३ मध्ये, म्हणजे मशीन बसवल्यापासून पंधरा वर्षांनी, जगातले सगळ्यात हुशार इंजिनियर हाताशी असताना.

आणि तेही बंद पडतंच. मे २०२४ च्या शेवटी त्याच मशीनचा पंप गेला. तेव्हा सुनिता विल्यम्स आणि बुच विल्मोर स्टारलायनरमधून निघायच्या तयारीत होते, नासाने ऐनवेळी त्यांच्या कपड्यांच्या बॅगा उतरवल्या आणि त्या जागी सत्तरेक किलोचा नवा पंप चढवला. आठ दिवसांसाठी गेलेली सुनिता नऊ महिने तिथे राहिली ते आपल्या सगळ्यांना पाठ आहे, टीव्हीवर रोज तेच होतं, पण ती गेली तीच मुळात कपड्यांऐवजी लघवीच्या मशीनचा पंप घेऊन, हे फार कमी लोकांच्या लक्षात आहे. ४०० किलोमीटरवर हे चालून जातं, पुढच्या गाडीने कपडे पाठवता येतात.

तीच गत हवेची. रशियन भागात बारीक गळती होती, सापडेना. शेवटी ऑक्टोबर २०२० मध्ये अंतराळवीरांनी चहाची पिशवी फोडून पत्ती हवेत सोडली, दारं बंद केली, आणि कॅमेऱ्यात बघितलं की पत्ती तरंगत कुठे जाते. गेली तिथे चीर सापडली. चहाच्या पत्तीने! मला या गोष्टीत त्या लोकांची कमाल वाटते खरं तर. चीर बुजवली, तरी त्या भागातली गळती थांबली नाही, २०२४ मध्ये दिवसाला दीड किलोच्या वर हवा जात होती. वीस-पंचवीस वर्षं जुनं धातूचं घर आहे, दिवसातून सोळा वेळा ऊन-सावली झेलतं, त्याला तडे जाणारच. २०३० नंतर ते पाडायचं ठरलंय, आणि समुद्रात नीट पाडण्यासाठी लागणाऱ्या यानाचंच कंत्राट ८४ कोटी डॉलरपर्यंतचं आहे. वसाहतीचं आयुष्य किती धरायचं, शंभर वर्षं? आणि जुनी झाल्यावर ते कोटी टन कुठे टाकायचे, हे पानही ब्रोशरमध्ये नसतं.

आता हाच ९८ टक्क्यांचा चमत्कार वसाहतीला लावून बघा. आपल्याकडे शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी धरतात. २ टक्के वाया गेलं तर माणशी २.७ लिटर, १०,००० माणसांचे रोजचे २७ टन. आपलं सगळ्यात ताकदवान रॉकेट एलव्हीएम-३ जवळच्या कक्षेत आठ ते दहा टन नेतं. म्हणजे नुसत्या हरवलेल्या पाण्यासाठी रोज तीन एलव्हीएम-३. लघुग्रहावरून पाणी आणा, चंद्रावरून आणा, माणशी पाणी निम्मं करा, रिसायकलिंग ९९.९ वर न्या, सगळे उपाय आहेत, पण प्रत्येक उपाय म्हणजे अजून एक मशीन आणि त्याचा अजून एक पंप.

यावर खरा आक्षेप असा येतो, आणि तो मी हलक्यात घेत नाही, की स्थानक म्हणजे डबा आहे, वसाहत म्हणजे परिसंस्था असेल. मोठं तळं, माती, झाडं असली की निसर्ग स्वतःच सांभाळून घेईल, आकार वाढला की चढउतार पचतात. तत्त्वतः बरोबर. पण हे करून बघितलंय. अमेरिकेत अॅरिझोनामध्ये बायोस्फिअर २ म्हणून काचेचं प्रचंड संकुल बांधलं, सव्वातीन एकरांच्या आसपास, आत पावसाळी जंगल, छोटा समुद्र, शेती, आणि सप्टेंबर १९९१ मध्ये आठ माणसं दोन वर्षांसाठी आत जाऊन दार लावून बसली. ग्रॅव्हिटी फुकट, ऊन फुकट, किरणांची भीती नाही. तर झालं काय, ऑक्सिजन कमी कमी होत गेला. २०.९ टक्क्यांवरून सोळा महिन्यांत १४.२ वर आला, म्हणजे ४,००० मीटर उंचीवर असावा तेवढा, लेहपेक्षाही वर. लोकांना जिना चढताना धाप लागायची, रात्री झोप लागेना. शेतीसाठी घातलेल्या सुपीक मातीतले जंतू ऑक्सिजन खाऊन कार्बन डायऑक्साइड सोडत होते इथपर्यंत समजण्यासारखं होतं, पण मग हवेत कार्बन डायऑक्साइड तेवढा का वाढला नाही? शोधल्यावर कळलं की तो काँक्रीटने शोषून घेतला, नव्या काँक्रीटमध्ये त्याचा चुनखडक होत गेला, आणि त्याच्याबरोबर ऑक्सिजनही भिंतीत अडकला. शेवटी बाहेरून ऑक्सिजन सोडावा लागला. परागीभवन करणारे किडे मेले, मुंग्या आणि झुरळं माजली. आणि आठ माणसांचे चार-चारचे दोन गट पडले ते एकमेकांशी बोलेनासे झाले, हे तर होणारच होतं.

पेपरवाल्यांनी त्याची फजिती म्हणून टर उडवली, मला ते पटत नाही. दोन वर्षांत त्यांनी आपल्या खाण्यातला ऐंशी टक्क्यांच्या आसपास भाग स्वतः पिकवला, आणि काँक्रीटचं ते जे सापडलं ते कुठल्याही कॉम्प्युटरवर सापडलं नसतं. माझी तक्रार उलटी आहे, असे प्रयोग मग थांबले का? रशियाने क्रास्नोयार्स्कला बायोस-३ या बंद घरात सत्तरच्या दशकात तीन माणसं सहा महिन्यांपर्यंत ठेवली होती, चीनने बीजिंगला २०१७-१८ मध्ये ३७० दिवसांचा प्रयोग केला, त्यात रिसायकलिंग ९८ टक्क्यांपर्यंत नेलं. बस, हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच. रॉकेटवर जेवढा पैसा गेला त्याच्या एक टक्का जरी या कामावर गेला असता तर आज आपल्याकडे दहा हजार माणसांच्या घरखर्चाचा निदान अंदाज असता.

ग्रॅव्हिटीची तर याहून वाईट परिस्थिती. सगळं डिझाइन या एका गोष्टीवर उभं आहे, की फिरवलं की वजन येईल आणि हाडं झिजणार नाहीत, पोरंबाळं नीट वाढतील. मिनिटाला एक फेरी घ्यायची तर पृथ्वीइतकं वजन यायला ९०० मीटर त्रिज्या लागते, दोन फेऱ्या घेतल्या तर २२५ मीटर पुरते, चार घेतल्या तर ५६. त्रिज्या कमी म्हणजे खर्च कमी, पण वेगात फिरणाऱ्या घरात मान वळवली की गरगरतं, अमेरिकन नेव्हीने साठच्या दशकात पेन्साकोलाला फिरत्या खोलीत माणसं ठेवून हे तपासलंय. मग किती फेऱ्या चालतील? निम्मं वजन पुरेल का, एक तृतीयांश? यावर वसाहतीचा खर्च कितीतरी पटीने वर किंवा खाली जातो, आणि कक्षेत माणसांसकट अख्खं यान फिरवून केलेला प्रयोग म्हणाल तर सप्टेंबर १९६६ मध्ये अमेरिकेच्या जेमिनी ११ ने दोन यानं तीस मीटरच्या पट्ट्याने बांधून हळू फिरवली तो. एवढंसं वजन आलं की सोडलेला कॅमेरा हळूच मागे सरकला, संपलं. त्यानंतर जपानने उंदरांसाठी छोटं फिरतं यंत्र वर नेलं, ते उत्तम काम आहे, पण ते उंदरांचं. स्थानकाला एक अख्खा सेंट्रीफ्यूज मॉड्यूल, म्हणजे फिरवून वजन आणणाऱ्या यंत्राचा डबा, जोडायचा होता, जपानमध्ये त्याचं बांधकामही सुरू झालं होतं, २००५ मध्ये पैसे वाचवायला रद्द केला. तो सांगाडा आज त्सुकुबाच्या अवकाश केंद्रात बाहेर उघड्यावर मांडून ठेवलाय, लोक त्याच्यासमोर फोटो काढतात. शंभर अब्जांचं घर बांधताना नेमका हाच डबा महाग वाटला.

पैसे परत कसे मिळणार यावर फार वेळ घालवत नाही. ओ'नीलचं उत्तर होतं, वसाहतीतले लोक सौरऊर्जेचे उपग्रह बांधतील आणि मायक्रोवेव्हने वीज खाली विकतील. १९६८ मध्ये पीटर ग्लेसरने मांडलेली कल्पना. तेव्हा सोलर पॅनेल सोन्याच्या भावाचं होतं. डिसेंबर २०२० मध्ये गुजरातच्या लिलावात जमिनीवरच्या सोलरचा दर युनिटला १ रुपया ९९ पैसे लागला. रात्रीचा प्रश्न आहे, बॅटरी लागते, बॅटरीही स्वस्त होतेय. या दराशी ३६,००० किलोमीटरवरून स्पर्धा करायची आणि वर त्यातून वसाहतीचं कर्ज फेडायचं, मला तरी हे कुठल्याही बँकेत पास होईलसं वाटत नाही. राहता राहिले अब्जाधीश. जेफ बेझोस प्रिन्स्टनचाच विद्यार्थी, २०१९ मध्ये त्याने ओ'नीलची तीच पिंपं नव्याने रंगवून दाखवली आणि सूर्यमालेत लाख कोटी माणसं राहतील म्हणाला. त्याचे पैसे, त्याची हौस. पण एवढं लक्षात ठेवायला हवं की जिथे श्वास घ्यायची हवाही मालकाच्या मशीनमधून येते तिथे भाडं थकलं तर काय, संप केला तर काय, हे आधी कागदावर यायला हवं. इथे पाणी तोडलं तर माणूस टँकर मागवतो, कोर्टात जातो. तिथे तोडलेलं कनेक्शन हवेचं असेल.

आता खड्डेवाल्यांशी दोन शब्द. आपल्या अवकाश खात्याचं २०२५-२६ चं सगळं बजेट साडेतेरा हजार कोटींच्या आत होतं, केंद्राच्या खर्चाच्या पाव टक्का. एकट्या महाराष्ट्रात लाडकी बहीण योजनेसाठी पहिल्याच वर्षी ४६ हजार कोटींचा अंदाज होता. योजनेवर टीका नाही ही, फक्त कशाच्या तुलनेत काय ते कळावं. इस्रो बंद केल्याने खड्डे बुजणार नाहीत, आणि चंद्रयान-३ सारखं काम सहाशे-साडेसहाशे कोटींत करणाऱ्यांना आपण उधळे म्हणू शकत नाही. प्रश्न पैसे द्यायचे की नाही हा नाहीच, कशावर द्यायचे हा आहे.

आणि तो आपल्यासाठी लांबचा राहिलेला नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारने गगनयानची तरतूद वाढवून २० हजार १९३ कोटी केली, त्यात भारतीय अंतरिक्ष स्टेशनचा पहिला मॉड्यूल धरलाय, २०२८ चं लक्ष्य, आणि २०३५ पर्यंत पाच मॉड्यूलचं पूर्ण स्टेशन, पन्नासेक टनांचं. जानेवारी २०२५ मध्ये इस्रोच्या स्पेडेक्स मोहिमेने कक्षेत दोन उपग्रह जोडून दाखवले, म्हणजे जोडकामाची विद्या आली. यातली सगळ्यात कमी चर्चेतली गोष्ट म्हणजे, माणसाला जिवंत ठेवणारी यंत्रणा, हवा-पाणी-तापमान सांभाळणारी, ती आपल्याला बाहेरून कुणी दिली नाही. तेव्हाचे इस्रोप्रमुख सोमनाथ यांनी डिसेंबर २०२३ मध्ये उघडच सांगितलं की दुसऱ्या देशांकडून मिळत नाहीये, आता आपल्यालाच बनवावी लागेल. लोकांना वाईट वाटलं. मला वाटतं याहून चांगलं काही घडूच शकलं नसतं.

कारण हेच ते काम आहे जे जगात कुणाचंच पूर्ण झालेलं नाही, आणि ते स्वस्त आहे, कारण त्यातलं बहुतेक जमिनीवर करता येतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये इस्रोने लेहला अॅनालॉग मिशन सुरू केलं, आयआयटी मुंबईही त्यात आहे, एका छोट्या फुगवलेल्या तंबूत अवकाशासारखं राहून बघायचं. चांगली सुरुवात, पण तंबूत काही आठवडे राहणं वेगळं आणि दार सील करून चार माणसं दोन वर्षं ठेवणं वेगळं. मला विचाराल तर स्टेशनच्या पाच मॉड्यूलपैकी एकाच्या पैशात इथे एक बंद घर बांधावं, आत आपलीच शेती, मूग, मेथी, तांदूळ (शुभांशूने मूग आणि मेथीला वर मोड आणून दाखवलेच आहेत), आपलंच पाणी फिरवायचं मशीन, आणि दोन-चार वर्षं काय काय तुंबतं, काय कुजतं, कोण कुणाशी बोलत नाही ते लिहून ठेवावं. आणि वरच्या स्टेशनमध्ये निदान उंदरांसाठी तरी अर्ध्या आणि एक तृतीयांश वजनाचं फिरतं यंत्र हवं, पहिल्या आराखड्यातच, नंतर जोडू म्हणून नाही, कारण नंतर जोडू म्हटलेल्या डब्याचं काय होतं ते त्सुकुबाला दिसतंच आहे.

हे ऐकायला रटाळ आहे, मला माहीत आहे. बूस्टर झेलतानाचा व्हिडिओ पन्नास वेळा बघतात लोक, लघवीच्या मशीनचा कोण बघणार. पण २०२८ चा मॉड्यूल म्हणजे त्याचे ड्रॉइंग आत्ता पक्के होतायत, आणि एकदा पाइप कुठून जाणार ते ठरलं की पुढची वीस वर्षं तेच वापरावे लागतात. बोलायचं असेल तर हीच वेळ आहे, आणि बोलायचं ते पंपांबद्दल.